उधव्याच्या रस्त्यावरचा ओरखडा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तळासरीत हायवेलगत माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. दिवसभर लोकांची चाकं सरळ करतो, आणि स्वतःचं एक वाकडं तेवढं झाकून ठेवलंय. तुमच्याजवळ बोलावंसं वाटलं – का, ते विचारू नका.

आधी चाकांच्या सेटिंगचं सांगतो. टाळत नाहीये, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रोजच्या गाडीची पुढची चाकं जवळजवळ उभी आणि सरळ ठेवतात. टायर सगळीकडून सारखा झिजतो, स्टिअरिंग हलकं धरलं तरी गाडी नाकासमोर जाते. शर्यतीसाठी मात्र चाकांचे माथे आत झुकवायचे, म्हणजे वळणावर टायर रस्ता धरून ठेवतो. चाकांची तोंडं किंचित बाहेर फाकवायची, म्हणजे गाडी वळायला उतावीळ होते. अशी गाडी रोज चालवली तर टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो. बाहेरून बघाल तर नवाकोरा.

माझा मित्र नीलेश, किनाऱ्यावरच्या आगर गावचा. घरात एकच जुनी छोटी गाडी. कधीमधी तो ती वापीच्या पुढे मोकळ्या मैदानात शर्यतीला पळवायचा. एरवी त्याची बायको मनीषावहिनी त्याच गाडीत मासळीची खोकी भरून उधव्याच्या बाजाराला जायच्या. त्यांच्या घरात स्टिअरिंग धरलेली पहिली बाई. होडीला करतात तशी त्यांनी त्या गाडीची पूजा केली होती – हळदकुंकू, नारळ, सगळं.

एका शर्यतीसाठी मी ते झुकतं सेटिंग केलं आणि चाचणीला नीलेशशेजारी बसलो. काय सांगू तुम्हाला? त्यानं मनात वळण आणावं आणि गाडीनं ते आधीच घ्यावं, असं चाललं होतं. तीच खटारा गाडी, आत अजून सुकटीचा वास, आणि माझ्या अंगावर काटा. हे माझ्या हातून झालं? खाली उतरून मी वाकून ती चाकंच बघत बसलो.

शर्यत झाली. वहिनी गाडी घेऊन दुकानात आल्या, परत रस्त्याचं करून द्या म्हणाल्या. मी गाडी रॅम्पवर चढवली. पाना हातात घेतला आणि – नाही फिरवला. मोडवेना मला ते. थोडा वेळ खुडबुड केली आणि गाडी खाली उतरवून म्हणालो, "घ्या वहिनी, झालं."

ही पहिली लबाडी. इथंच थांबलो असतो तर?

काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हात जरा सैल सोडला ना, की गाडी आपली आपणच पळते कुठंपण." बरोबर ओळखलं होतं त्यांनी. आणि मी काय म्हणालो? "रस्ता खराब आहे वहिनी. तुमची पकड कमी पडते. घट्ट धरत जा." त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून घट्ट धरत गेल्या.

बाजाराच्या दिवशी, उधव्यात शिरताना, पुढचा डावा टायर फुटला. निरोप आला तसा मी धावलो. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. डाव्या हाताला भाजीवाल्या बायका बसलेल्या, त्यांची पोरं मांडीवर. फुटलेला टायर गाडीला तिकडेच ओढतो, हे मला कळत नाही होय? डांबरावर रिमचा ओरखडा उमटला होता. मी त्याच्या कडेकडेनं चालत गेलो. सुरुवातीला जरासा थरथरलेला, आणि मग सरळ – बायकांच्या पाट्यांना न शिवता, दोरी धरून आखल्यासारखा. इतक्या वर्षांत माझ्या मशीननं इतकं सरळ काही केलेलं नाही. मला तिथं हात जोडावेसे वाटले. खरंच वाटले.

वहिनी पारावर बसल्या होत्या. गाडी ओढून धरताना मनगट मोडलं होतं.

टायर मी उलटून पाहिला. आतल्या कडेला तारा उघड्या पडलेल्या. नीलेशनं विचारलं, "कशानं झालं रे?" मी टायर पालथा घातला. म्हणालो, "खड्ड्यात जोरात घातली असेल." वहिनींनी ऐकलं. म्हणाल्या, "असंल. माझाच हात चुकला असंल."

त्याच दिवशी मी चाकं सरळ केली. गाडी आता नाकासमोर जाते, पण वहिनींनी तिला पुन्हा हात लावला नाही. बाजाराला जाताना भाड्याच्या ईको व्हॅनच्या मागच्या सीटवर, मांडीवर पाटी घेऊन बसतात. माझ्या दुकानासमोर गाडी थांबवून सुके बोंबील देतात. मी घेतो. खातोही.

परवा आगरला गेलो होतो. त्यांच्या मुलीनं गाडी शिकायचा विषय काढला. वहिनी म्हणाल्या, "नको बाय. आपल्या घरच्या बायांचा हात नाय बसत गाडीवर." मी तिथंच होतो, चहाचा कप हातात. त्यांचं ते मनगट अजून जरा वाकडंच आहे. मी चहा संपवला आणि निघालो.