चुन्याची वाकडी रेघ

फुलचूरला उन्हाळ्यात प्लॉट आखताना चुन्याची रेघ मारायला गावातले एक काका यायचे. बोडी, म्हणजे तिथलं लहान तळं, तेव्हा कोरडी असायची. तरी काठाशी आले की ते चपला हातात घेत आणि रेघ बाहेरून वळवत.

"काका, पाणी कुठाय? सरळ मारा ना," मी एकदा म्हणालो.

"कागद तुमचा कोरडा हाये साहेब. पाणी येथवरी येते."

नकाशा माझा होता. मी रेघ पायानं पुसली आणि बोडीतच प्लॉट पाडले. चुन्याचं घमेलं खाली ठेवून ते निघून गेले, परत आले नाहीत.

आता दर पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरतं, आणि त्यांच्या रेघेशीच थांबतं. तिथं पोचलो की मी चपला हातात घेतो. मागून कुणीतरी टोमण्यानं "साहेब" म्हणावं, असं फार वाटतं.