मुलांसाठी राखलेली जागा

आमच्या ह्यांना कुणी भोळं म्हणलं की माझं डोकं फिरतंय. भोळा माणूस विचार करत न्हाई. आमचे सिद्धोधन सर तीनदा विचार करतेत, मग पाऊल टाकतेत, आणि तरीबी तोंडावर पडतेत. त्याला काय म्हणायचं ते तुमीच ठरवा.

देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेत हे सहा वर्षं कॉम्प्युटर शिकवायला होते. कंत्राटी. कुठल्यातरी कचेरीनं टाकून दिलेले आठ कॉम्प्युटर शाळेत आले, तर ह्यांनी त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं ठरवलं. फुकट असतंय, अन् जुन्या मशिनीवरबी चालतंय म्हणे. सात मशिनी एका दिवसात झाल्या. आठवीपाशी गाडी अडली. त्या मशिनीवर मुलांचं सगळं काम ठेवायचं होतं, आणि तिच्या डिस्कचे भाग किती पाडायचे हेच ठरंना. सगळी डिस्क एकच ठेवली तर पाच मिनिटांचं काम. हे दोन दिवस वही घेऊन रेघोट्या मारायलेत!

मी भाकरी थापता थापता म्हणलं, "एवढं काय घोडं अडलंय?"

"सुकेशनी, रोज घासायच्या भांड्यात तू डोरलं ठेवशील का?" हे म्हणले. "लिनक्स बिघडलं की पुसून नवं टाकावं लागतंय. सगळं एकातच असलं तर पोरांचं कामबी त्याच्यासंगं जातंय. त्यांचा भाग येगळा असला की लिनक्स कितीदाबी पुसा, पोरांच्या भागाला धक्का न्हाई."

शेवटी पन्नास जीबी लिनक्सला दिली, थोडी स्वॅपला, म्हणजे मेमरी कमी पडली तर मशिनीच्या हातउसन्याला, आणि उरलेली चारशेच्या वरची सगळी जागा पोरांना.

पोरांचं काम म्हणजे काय, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाइलवर घ्यायचं आणि ह्या मशिनीत आणून टाकायचं. मोबाइल बापाचा, जागा भरली की बाप पुसून मोकळा. म्हणून जे राहिलं ते हितंच. एकशे बारा जणांचे आवाज जमले. त्यात ह्यांच्या वर्गातल्या चंदाची आजी होती, भिवराबाई. जन्मभर मेंढरं राखलेली बाई. कुठल्या मेंढीला काय नाव, पोट फुगलं तर काय पाजायचं, कुठल्या शिवारात कुणी पाणी दिलं आणि कुणी कुत्रं सोडलं, सगळं एक्केचाळीस मिनिटं बोलली होती. मधल्या काळात लिनक्स दोनदा बिघडलं, दोनदा पुसून टाकलं. आवाज जागच्या जागी. दुसऱ्या वेळेस हे जिलेबी घेऊन घरी आले होते, मला आठवतंय.

मग कंत्राट संपलं. ह्यांच्या जागी संस्थेच्या अध्यक्षाचा पुतण्या राम आला. ह्यांनी माउससकट सगळ्याची यादी केली, सह्या केल्या, मशिनीवर चिठ्ठी चिकटवली : मुलांचा भाग पुसू नये. दोन महिन्यांत ती मशीन बंद पडली. रामनं नवं टाकायला घेतलं, आणि 'पूर्ण डिस्क पुसा' हा पहिलाच पर्याय दिसला, तो दाबला. चिठ्ठी समोरच होती. वाचता येऊन काय उपेग, वाचायची इच्छाबी लागती ना!

आषाढात भिवराबाई वारली. चंदा आता सेलूला बारावीला हाय. आजीचं दहावं झालं आणि पोरगी शाळेत गेली. राम म्हणला, तसलं काही नव्हतंच हितं. तशीच आमच्या घरी आली.

"सर, तुमच्याकडं असंल की आजीचं?"

हे खाली बघायले. मीच पुढं झाले, "तुमच्या पेनड्राइव्हवर होतं ना सगळं?"

"होतं. निघायच्या आदल्या दिवशी मीच पुसलं."

"पुसलं? डोकं ठिकाणावर होतं का तुमचं?"

"मी शिकायला होतो तवा वसतिगृहात कुणाचं घड्याळ हरवलं, तर चाळीस पोरांत माझी एकट्याची पेटी उघडली होती. का उघडली, ते तुला सांगायला लागतंय का? शाळेची वस्तू उद्या माझ्याकडं सापडली असती तर?"

राग कुणावर काढावा तेच कळंना.

तसेच तिघं शाळेत गेलो. हे तासभर मशीन उघडून बसले. डिस्क सगळी एकसंध, आणि तिच्यात काठोकाठ सिनेमे भरलेले. त्याच्याखालचं जुनं पुसलेलं काहीच हाती लागंना. हेडमास्तर व्यंकटराव चहा मागवून म्हणले, "अहो, एवढं काय त्यात? तुम्ही घरी कॉपी नेली असेल की. सगळेच नेतात."

ह्यांनी चहाला हात लावला न्हाई. "सगळे नेतात, सर," म्हणले. "झडती सगळ्यांची होत न्हाई."

व्यंकटरावांनी पंख्याकडं बघितलं. आमी उठून बाहेर आलो. हे पुढं चालायले, मी आणि चंदा मागं. फाट्यावर सेलूची गाडी यायला वेळ होता. पोरगी हळूच मला म्हणली, "काकू, सरांनी चोरलं असतं तर बरं झालं असतं."