थकल्या भात्याची चाल

इसरू सहा दिवस बैलगाड्या बांधायचा आणि सातव्या दिवशी मिशनच्या देवळात पायपेटी वाजवायचा. गाव गडचिरोलीपासून दोन कोसांवर, जंगलाच्या कडेला. अख्ख्या पंचक्रोशीत पायपेटी ती एकच, अन् तिचा तोरा इसरूच्या अंगात. बायको गुणाबाई कुरकुरायची, "त्या पेटीले पुसता तेवढं मले तरी पुसा!"

चौपन्न सालच्या पावसाळ्यात उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला. इसरूने डिंक लावून बोकडाच्या कातड्याचं ठिगळ मारलं. पण झालं काय, चार ठोके सूर निघाला की हवा खलास! पाय मारून भाता भरेस्तोवर पेटी मुकी, लोक अडखळलेले, पोरं खिदळायची. इसरूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा तो धानाच्या रोवणीच्या बांधावर गुणाबाईची शिदोरी घेऊन गेला. बाया एक ओळ म्हणायच्या, मग मागं सरकून रोपांची नवी जुडी घेताना गप्प. तेवढा वेळ नुसता चिखलाचा आवाज, आणि गाणं कुठेच तुटत नव्हतं. "अरे, हे तं आपल्या कामाचं हाय!" शिदोरी बांधावर टाकून गडी घरी पळाला. त्याने भजनाला नवी चाल बांधली: चार ठोके पेटीचे, चार नुसत्या माणसांचे, तेवढ्यात भाता भरायचा. लोकांना ती अशी आवडली की गुरं चारतानाही तीच तोंडात.

तेवढ्यात चिठ्ठी आली. मिशनचे मोठे पाद्रीसाहेब नाताळाआधी येणार होते. पेटी मोडकी दिसली तर चांद्याच्या मिशनात नेणार होते. इसरूचं अन्नपाणी सुटलं.

साहेब आले. नवी चाल सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला ठिगळ सुटलं, फस्स! पेटी मेली. इसरूचे हात पट्ट्यांवरच राहिले. पण लोक थांबलेच नाहीत! पेटीचे चार ठोके त्यांनी टाळ्यांनी भरले आणि भजन शेवटपर्यंत नेलं.

साहेब खूश झाले. "पेटीशिवाय इतकं सुरेख गाता! मग पेटी कशाला हवी तुम्हाला?"

इसरूचं तोंड उतरलं. तेव्हा बायांच्या रांगेतून गुणाबाई उठली. "साहेब, लेकरू चालाले शिकलं म्हणून बापाले घराबाहेर काढते काय?"

साहेबांनाच हसू फुटलं, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "नाही बाई, बाप घरातच राहील. भात्याचं चामडं मी पाठवतो."

इसरू भरल्या देवळात ढसाढसा रडला. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

"आता रडून काऊन राह्यले?" गुणाबाई म्हणाली. "पेटी बंद हाय, तोंड तं नाई. पुढचं भजन उचला!"

आवाज त्याला कधीच नव्हता, सगळा भसाडा. जन्मात पहिल्यांदा त्याने चारचौघांत गायला तोंड उघडलं, आणि अख्खं देऊळ त्याच्यामागून गायलं.