झबेदाबाईंच्या गाडीचं निदान

मलेशियातल्या आमच्या तापाह गावात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं ओळखावं तर माझ्या नवऱ्याने, सेंगने. ऑईल बोटांवर चोळतो, वास घेतो, गाडी चढावर पळवून आणतो आणि निकाल देतो. निकाल सहसा चुकत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे, आणि माझी तक्रार तीच आहे.

झबेदाबाईंनी त्याला शाळेत शिकवलं होतं. वय अडुसष्ट. दर शुक्रवारी स्वतः गाडी चालवत घाटातून रिंगलेटला जायच्या, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे.

एकदा म्हणाल्या, "सेंग, चढावर ॲक्सिलरेटरचं पेडल कितीही दाबलं तरी गाडी खालचा गिअर घेत नाही रे. नुसती कण्हत जाते."

सेंगने गाडी घाटात नेली. मस्त चढली. पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या, गाडी परत मस्त चढली. तिसऱ्यांदाही तेच. मग त्याने चिडून गिअरबॉक्सच उघडला, तर आत सगळं नव्यासारखं. तीन दिवस त्याचा राग मी आणि माझा स्वयंपाक सोसत होतो.

"बाईंना चालवू दे की. तू शेजारी बसून बघ," मी म्हटलं.

"आता तू शिकव मला गिअरबॉक्स."

शेवटी त्याने बाईंच्या मुलाला, नझीमला फोन लावला. "गाडी ठणठणीत आहे. बाईंच्या पायात जोर राहिला नाही." नझीमने त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली.

महिन्याभराने तोच गाडी घेऊन हजर. "सेंगकाका, माझ्या पायातही जोर नाही वाटतं. ट्रकच्या मागे कण्हत आलोय."

सेंगने त्याला आत बसवून पेडल दाबायला लावलं आणि स्वतः दारातून वाकून बघितलं. आमच्याकडे गाडीत चपला काढूनच बसतात, आणि बाईंची तर स्वच्छता विचारू नका. खाली गालिचा, त्यावर प्लास्टिक, त्यावर रबरी मॅट, त्यावर केवड्याच्या पातीची जाड चटई. पेडल पुरतं खाली जायच्या आतच चटईवर टेकत होतं. पुरतं दाबल्याशिवाय गिअर खाली येणार कसा? आणि आमचा शहाणा, आपल्या तेलकट बुटांनी खराब नको म्हणून, दर वेळी हा सगळा थर उचलून मागे ठेवायचा, गाडी पळवून आणायचा आणि पुन्हा होता तसा अंथरून द्यायचा. मला हसावं की रडावं कळेना.

"बाईंना किल्ली परत दे," सेंग म्हणाला.

"राहू दे, काका. नाहीतरी वय झालंय तिचं. शुक्रवारी मी जातो ना."

"महिन्यात किती शुक्रवार गेलास?" मी विचारलं.

"एक," म्हणत त्याने किल्ली खिशात टाकली.

सेंग बाईंच्या घरी गेला, मीही गेले. "बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. तेवीस वर्षांच्या संसारात हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझा पाय अधू आहे म्हणालास, तेव्हा त्याने एका फोनवर ऐकलं. आता धड आहे म्हणतोस, तर तुझंही ऐकत नाही. मग मी काय करू रे, सेंग?"