पाती साठावर

मराठी चौथीतून शाळा सुटली. गावाजवळच्या केम स्टेशनावर आगगाडीत बसून सोलापूर गाठलं आणि मोटारींच्या कारखान्यात मिस्त्री झालो. आमच्या माणसांत सोलापूर म्हणजे परदेशच. पुढे शहराबाहेरच्या माळावर विमानं दुरुस्त करायला लागलो, तेव्हा तिथल्या शिकवणाऱ्या साहेबांनी मला एक पैसा न घेता उडायला शिकवायचं ठरवलं. लोक कुरकुरले, "मिस्त्र्याला कशाला?" साहेबांनी ऐकलं नाही. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही.

पण शनिवारी त्यांची बदली होती. त्याआधी एकट्याने उडून दाखवलं नाही, तर ते गेल्यावर मला विमानात कोण बसवणार होतं?

वेग मी पाढ्यासारखे पाठ केले होते. ताशी चाळीस मैलांच्या खाली पंख वारा सोडतात आणि विमान कोसळतं. उतरताना साठ. सूर मारताना एकशे तीसच्या पुढे गेलं तर पंख मोडायची भीती. हे आकडे डावीकडच्या वरच्या-खालच्या पंखांमधल्या खांबावरच्या पट्टीवर दिसत. वारा जोराचा असला की पट्टीपुढची पाती मागे रेटली जाई.

गुरुवारी उतरायच्या आधीच्या वळणावर वारा पाठीशी आला. खालच्या बाभळी सुसाट पळू लागल्या. मी घाबरलो. लहानपणापासून बैलगाडी हाकलेली. भुई पळाली की कासरा ओढायचा, एवढंच हाताला ठाऊक. मी पायांमधली दांडी ओढली, तसं विमानाचं नाक वर गेलं. पाती घसरत चाळिसावर आली, दांडी हातात ढिली पडली, विमान थरथरलं. पुढच्या जागेवरून साहेबांनी दांडी पुढे ढकलली, म्हणून वाचलो.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "कुठं बघत होतास?"

"भुईकडं, साहेब."

"बैलं जुंपलीत काय पुढं?"

"न्हाय, साहेब."

"मग? पंखांना वारा लागतो, बाबा. जमीन लागत नाही."

शब्द कळले, पण हाताला पटेना. शुक्रवारी सकाळी माळाकडे जाताना खळ्यावर एक बाई ज्वारी उफणताना दिसली. पाटी उंच धरून ती उभी होती. वारा पडला की हात थांबे, आला की पाटी कले. पायाखालच्या राशीकडे तिचं लक्षच नव्हतं. माझी आईही अशीच उफणायची. मी तसाच पळत साहेबांकडे गेलो.

"साहेब, आजच बसवा."

साहेबांबरोबर दोन फेऱ्या झाल्या. मग ते खाली उतरले, आपल्या जागेचे पट्टे आवळून बांधले आणि म्हणाले, "जा."

त्याच वळणावर बाभळी पुन्हा पळाल्या. "पळंनात का तिकडं," मी मोठ्याने म्हणालो. पाती साठावर होती, ती तिथंच धरली.

चाकं टेकली, दोनदा उसळली, थांबली. साहेब चालत आले.

"पाती?"

"साठ, साहेब."

"आणि जमीन?"

"बगितलीच न्हाय."

"अरे, टेकताना तरी बघत जा की!"