पांढरी पाचचा पियानो

पियानो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्यावर एक कोंबडी बसलेली होती. भूकंपाचं वर्ष होतं ते. लातुरात आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे मिशनचा जुना बंगला होता. त्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलेली, आणि छपराखाली थांबायला कुणीच तयार नव्हतं. खाटा, पिठाचे डबे, शिलाई मशीन असं सगळं अंगणातल्या पत्र्याखाली येऊन राहिलं होतं, आणि त्या पसाऱ्यात ते काळंभोर, उंच, पितळी मेणबत्तीदानं लावलेलं कपाट... आणि कपाटावर, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून, ती तांबडी कोंबडी! मी तिला हुसकायला हात उगारला, ती फडफडत खालच्या पट्ट्यांवर उतरली आणि तिच्या पायांखालून चार-पाच सूर बाहेर पडले. पियानोचा पहिला धडा मला कोंबडीनं दिला, हे मी आजवर कुणापासून लपवलेलं नाही.

पुढचे धडे रूथ टीचरनी दिले. मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या बंगल्यात एकट्याच राहत. पांढरं पातळ, निलगिरीच्या तेलाचा वास, आणि रविवारच्या प्रार्थनेची आठ-दहा गाणी – एवढाच त्यांचा संसार. त्यांनी माझी बोटं हातात घेऊन न्याहाळली, नखं कापून ये म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्याकडे. भेग बुजली, पियानो परत आत गेला. त्या खोलीला जुन्या लाकडाचा, डांबरगोळ्यांचा आणि ओलसर लोकरीचा मिळून एक वास होता. उन्हाळ्यात खिडकीतून कडुलिंबाचा मोहोर त्यात मिसळायचा. सगळ्या लातुरात पियानो शिकणारी मी एकटी, म्हणून मी काय तोऱ्यात चालत असे! राजकन्येसारखी. फक्त या राजकन्येला सवंगडी नव्हते.

कारण तोवर गाव बदललं होतं. कुठकुठल्या जिल्ह्यांतून मुलं येऊन गल्लोगल्लीच्या खोल्यांत राहू लागली होती. पहाटे सायकलींच्या घंटा, दुपारी मेसच्या वरणाचा वास, आणि जिकडेतिकडे क्लासच्या पाट्या. माझी जिवलग मैत्रीण वैशाली, जिच्याबरोबर मी चिंचा पाडत असे, तीही नववीतच क्लासला लागली. भेटली की घाईत विचारायची, "तुझ्या पियानोला मार्क किती असतात गं?" मी म्हणायची, "शंभरपैकी दोनशे." ती हसायची, सायकलवर टांग मारायची आणि जायची... आणि मग त्या लांबलचक, रिकाम्या गल्लीत मी आणि माझं दोनशे मार्कांचं उत्तर, दोघंच उरत असू.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात टीचरच्या पुण्याच्या बहिणीनं एक कात्रण पाठवलं. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पियानोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, युरोपातल्या एका शहरात! पहिली फेरी कॅसेटवर: दोन ठरलेल्या रचना वाजवून टपालानं पाठवायच्या. निवड झाली तर पुढे प्रत्यक्ष बोलावणं. मी ते कात्रण घेऊन अण्णांपुढे उभी राहिले. अण्णा, माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून. कुठल्याही कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"ठीक हाय," ते म्हणाले. "कॅसेट पास झाली तर वाजव हवं तितकं, मी आडवा येनार न्हाई. पन न्हाई झाली तर पियानो बंद. गपगुमान क्लासला बसायचं. बायलॉजी."

"हाव," मी मान डोलावत म्हणाले. बायलॉजी हा शब्द त्यांनी असा उच्चारला होता की मला समोर बेडूकच दिसला.

पण पियानो पार बिघडलेला होता. पत्र्याखालच्या त्या दिवसांपासून निम्म्या तारा उतरल्या होत्या. पियानो लावणारा माणूस मराठवाड्यात आणायचा कुठून? शेवटी नांदेडचे करीमचाचा आले. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्यांच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी पियानोचं पुढचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि दोन्ही हात कानांवर नेले.

"या अल्ला! टीचर, तुमी पेटी म्हनलात. हे तर संतूर हाय, कपाटात कोंबल्यालं!"

तरी माणूस मागे हटला नाही. खुंट्या पिळायला लोहाराकडून एक चावी घडवून आणली, आणि मग मला समोर उभं केलं.

"गा, बेटा."

"काय गाऊ?"

"कायबी गा. पाढे म्हन."

मी तेराचा पाढा सुरात म्हटला. एक्क्याण्णवला त्यांनी हात वर केला. "बस! पांढरी पाच. ही पोरगी पांढरी पाचची हाय."

"अहो करीमभाई," टीचर म्हणाल्या, "तिला पियानो वाजवायचाय, गायचं नाही."

"आन् वाजवनारीचा गळा सोडून बाजा लावायचा कुनासाठी?" चाचांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

आमच्याकडची रीतच ती. पेटी लावायची ती गाणाऱ्याचा षड्ज धरून, आणि माझा षड्ज पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर बसत होता. चाचांनी चार दिवस, जेवणखाण विसरून, एकेक तार माझ्या पांढऱ्या पाचशी जुळवली – कान लाकडाला टेकवून, डोळे मिटून, सूर अगदी दुधासारखा निर्मळ होईपर्यंत. पाचव्या दिवशी टीचरनी त्यावर प्रार्थनेचं गाणं वाजवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "असा हा कधीच वाजला नव्हता," त्या म्हणाल्या. खरंच वाजला नव्हता.

माझी पहिली रचना त्याच सुरातली होती. ती साखरेसारखी विरघळायची. दुसरीत मात्र मधेच एक वळण यायचं. सूर आपलं घर सोडून लांब, परक्या मुलखात जात, आणि तिथे पियानो असा काही कण्हायचा की अंगावर काटा यावा... भूकंपानंतर औशाकडून येणाऱ्या एसटीतून बाया उतरत, तोंडात पदर कोंबून हुंदके देत, तसा तो आवाज होता. मला वाटलं, हे दुःख त्या रचनाकाराचंच आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी परदेशी माणूस माझ्याइतकाच एकटा होता तर! मी तिथे हळू व्हायला शिकले. थांबायला शिकले. त्या चार ओळींत मला पहिल्यांदाच कुणाची तरी सोबत मिळाली.

एका दुपारी, सगळं गाव क्लासमध्ये कोंडलेलं असताना, आम्ही कॅसेट भरली आणि पाठवली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. टीचरनी ते शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचलं, मग चष्मा काढला. परीक्षकांनी लिहिलं होतं, मुलीच्या हातात गुण आहे, पण वाद्य विचित्र लावलेलं आहे. नीट लावलेल्या पियानोवर महिनाभरात पुन्हा कॅसेट पाठवावी. मग टीचरनी पत्रातलं पुढचं मला समजावलं. पियानोचा प्रत्येक सूर किंचित खोटा ठेवावा लागतो, म्हणजे तो कुठल्याही पट्टीत सारखाच चालतो. चाचांनी तो एकाच घरात संपूर्ण खरा केला होता. म्हणून घराबाहेर पडला की तो कण्हायचा.

"म्हणजे ते दुःख..." मी विचारलं.

"लिहिलेलं नाही, बाळा." टीचरनी पत्राची घडी घातली. "करीमभाईंना सांगू नकोस हं. जीव ओतला होता त्यांनी."

अण्णांनी रजा टाकली आणि मला घेऊन निघाले. नांदेडहून रेल्वे, मुदखेडला कंटाळा येईस्तोवर थांबलेली गाडी, मग हैदराबाद. टीचरच्या ओळखीच्या एका चर्चमध्ये पियानो होता – चकचकीत, नीट लावलेला. मी टेपचं बटण दाबलं आणि वाजवायला बसले. पहिली रचना ठीक झाली. दुसरीत ते वळण आलं. मी हळू झाले, थांबले, वाट पाहिली... आणि काहीच झालं नाही. सगळे सूर गुळगुळीत, सभ्य, इस्त्री केलेले. तिथे कुणी नव्हतंच. माझी बोटं रिकाम्या घराची कडी वाजवत राहिली. तीनदा सुरुवात केली, तीनदा त्याच जागी विसरले.

बाहेर पायरीवर अण्णा बसले होते. "झालं? पाठवायची ना?"

"नको," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेरा मारला नाही.

परतीच्या वाटेवर नांदेडला उतरून बसकडे निघालो, तर करीमचाचांनी दुकानातूनच हाक मारली. "बेटा! लागला का नंबर?"

अण्णांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खोटं बोलणाऱ्याचं तोंड न पाहणारा माणूस तो.

"लागला, चाचा," मी म्हणाले. "ते विचारत होते, पियानो कुणी लावलाय म्हणून."

चाचा खाली बसले. मग उठले, शेजारच्या दुकानातून पेढे आणले, रस्त्यावरच्या दोघा-चौघांना थांबवून दिले. अण्णांनीही एक घेतला. हळूहळू चावला.

सोमवारी मी क्लासला बसले. नंतर टीचर पुण्याला बहिणीकडे गेल्या, तिथेच वारल्या. बंगल्याच्या जागी तीन मजली क्लास उभा राहिला. पियानो कुणी म्हणतं उदगीरला गेला, कुणी म्हणतं भंगारात. त्याच क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर मी आज बायलॉजी शिकवते, बेडकाच्या हृदयाचं वर्णन असं रंगवून करते की मुलं टाळ्या वाजवतात. पियानोला मात्र त्या हैदराबादच्या दुपारनंतर मी बोट लावलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी नांदेडला गेले होते. पाय आपोआप त्या गल्लीत वळले. दुकान आहे, करीमचाचांच्या माघारी त्यांची सून बघते. वर पाटी – 'पेटी, तबला व विलायती पियानो लावून मिळेल.'

"पियानो?" मी विचारलं. "नांदेडात येतात का पियानो लावायला?"

"न्हाई हो मॅडम, एकबी न्हाई," ती पेटीचा भाता शिवता शिवता हसली. "पन अब्बांनी एकदा लावला होता, लातूरला. त्याच्यावर वाजवून एक पोरगी विलायतेत पयली आली. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे. तुमी लातूरच्या का? मंग ऐकलंच असंल तिचं नाव."

"हाव. ऐकलंय."

सुई हातातच धरून तिनं वर पाहिलं. "अजून वाजवते का ती?"

"वाजवते," मी म्हणाले. "रोज."