आपटेकाकांची राहिलेली उजळणी

हॉस्पिटलातली नोकरी संपल्यावर मी नारायण पेठेत, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, घरच्या आजाऱ्याची सेवा शिकवायचा वर्ग सुरू केला. दर शनिवारी संध्याकाळी. शिकवायचं काय, तर कूस कशी बदलावी, अंग कसं पुसावं, कसं भरवावं. साध्या गोष्टी! पण किस्से साध्या गोष्टींचेच साठतात. वर्ग संपल्यावर चादरींच्या घड्या घालताना एकेक आठवत जातो.

या वर्गाला हौसेनं कोणी येत नाही बरं का. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की मग धावत येतात. बहुतेकांना उशीरच झालेला असतो. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो.

*

आपटेकाका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. डोक्यावर औषधालाही केस नाही आणि जीभ तिखट. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, काय शिकायला आलात?

"केस धुवायला," काका म्हणाले.

सगळा वर्ग त्यांच्या टकलाकडे बघायला लागला!

"माझे नव्हेत. बायकोचे. अर्धांगवायू झालाय तिला. केस कमरेपर्यंत आहेत. गुंता होतो म्हणून कामाची बाई म्हणते कापा, सून म्हणते कापा. ही काही बोलत नाही, वेणी मुठीत धरून ठेवते. तेव्हा मला तेवढं शिकवा. बाकीचे विषय ऐच्छिक."

"काका, केस नंतर. आधी हात धुवायला शिकायचं."

"जन्मभर धुतोय की!"

"मग आज नीट धुवा," मी म्हटलं. पुण्यात मीही काल आलेली नाही!

*

आमच्याकडे नियम आहे. दोघादोघांची जोडी. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं भरवायचं. पेशंटनं हात वापरायचे नाहीत.

निखिल आयटीतला. त्याच्या समोर रुक्साना, सासऱ्यांसाठी शिकायला आलेली. निखिलच्या कानाला फोन, हातात उपम्याचा चमचा. पहिला घास तोंडात असतानाच दुसरा ओठाशी. रुक्सानानं सरळ त्याचं मनगट धरलं.

"दादा, आधीचा गिळू तरी द्या! मी काय टपालाची पेटी आहे?"

सगळे हसले. निखिल हसला नाही. जाताना जिन्यात मला म्हणाला, "सिस्टर, बाबा हल्ली तोंडच उघडत नाहीत. मला वाटायचं, हट्ट करतात."

काकांना मात्र पेशंट करणं कुणाला जमलं नाही. "मी शिकायला येतो. झोपायला घरी पलंग आहे," एवढं म्हणून बाजूला!

*

दुसरा नियम, पेशंटला हात लावण्याआधी सांगायचं. 'मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते आहे', असं. पेशंट म्हणजे उशांचा गठ्ठा नव्हे. तरुण मंडळींना हे बोलायची लाज वाटते. काकांना नाही. त्यांनी ते वाक्य धड्यासारखं पाठ केलं आणि घरी जाऊन बायकोला जसंच्या तसं म्हटलं, "मी आता आपल्याला डाव्या कुशीवर वळवणार आहे!"

काकूंचं बोलणं तेव्हा जड झालेलं. तरी एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "संसारात पहिल्यांदाच काहीतरी सांगून केलंत!"

वर्गात हे सांगताना काका स्वतःच हसले. मग म्हणाले, "खरं आहे हो तिचं. बदल्या घेतल्या, घर बदललं, सगळं करून मोकळा व्हायचो, मग सांगायचो." आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

*

वेणी रुक्सानानं शिकवली. खाटेच्या गजाला जुन्या चादरीच्या तीन पट्ट्या बांधून दिल्या. काकांची वेणी पहिल्यांदा सुतळीच्या तोड्यासारखी झाली! त्या पट्ट्या ते घरी घेऊन गेले. स्वारगेटच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्याला बांधून सराव करत बसले.

शेजारच्या माणसानं विचारलं, "आजोबा, हे काय चाललंय?"

"वेणी. तुमची घालायची का?"

*

मग एकदाचा केस धुवायचा दिवस आला. मेणकापडाच्या कडा गुंडाळून पन्हळ करायची, एक टोक मानेखाली, दुसरं बादलीत. निखिलची पन्हळ फुटली आणि गादीचं तळं झालं! पेशंट कोण होणार म्हटल्यावर काका तत्परतेनं म्हणाले, "मला निसर्गानंच सूट दिली आहे." शेवटी मीच आडवी झाले. काकांनी माझे केस धुतले. पहिल्यांदा कानात पाणी घातलं. दुसऱ्यांदा मात्र इतके हलके धुतले, की माझा डोळा लागायच्या बेतात होता.

"उत्तम! आज घरी गेल्यावर काकूंचे धुवा," मी म्हटलं.

"छे, छे. परीक्षेआधी एक उजळणी हवी. पुढच्या शनिवारी पुन्हा तुमचे धुतो, रविवारी तिचे. तिला सांगून ठेवतो, खूश होईल."

काकू बुधवारी गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांना अजून न्यायचं होतं. केस न धुतलेलेच, पण वेणी सुरेख घातलेली, शेवटच्या पेडापर्यंत. सून मला म्हणाली, "सारखं विचारत होत्या, रविवार कधी आहे." मनात आलं, काका, उजळणी कशाला हवी होती हो? वाकडेतिकडे धुतले असतेत, कानात पाणी गेलं असतं, तरी चाललं असतं त्यांना!

*

दिवसकार्य आटोपल्यानंतरच्या शनिवारी वर्गात पुन्हा केस धुवायचाच सराव होता. बादल्या भरल्या होत्या, पन्हळ तयार होती. दारात आपटेकाका. मला वाटलं, राहिलेली उजळणी करायला आलेत. मी अंबाड्याच्या पिना काढायला लागले.

काकांनी हातानंच मला थांबवलं. चष्मा काढून माझ्याकडे दिला, आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. मान बरोबर पन्हळीवर.

"आज मी पेशंट," म्हणाले.

रुक्साना पाण्याचा मग घेऊन उभी. "काका, पण तुम्हाला..."

"आधी सांगायचं, मग हात लावायचा. नियम आहे ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"काका, मी आता आपले केस धुणार आहे," ती म्हणाली.

काकांनी डोळे मिटले.

"सावकाश धुवा. कमरेपर्यंत आहेत."